पळसाची पट्टी

पळस फुलला की लोकांना कविता सुचतात म्हणे. मला भीती वाटते.

यंदाही वाटली. शाळेतून परत येताना नाल्याजवळच्या वळणावर गाडी घेतली आणि समोर तो उभा. अंगावर पान म्हणून नाही, आणि काळ्या वाकड्या फांद्यांवर नुसती नखं. पळसाचं फूल जवळून पाहिलंय कधी? वाघनखासारखं वाकलेलं असतं ते. झाडानं हजार पंजे उगारलेत आणि सगळे रक्तात बुडवून काढलेत, असं वाटतं. मी गाडी थांबवली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काऊन मास्तर, पेट्रोल सरलं का?" मी म्हणालो, हो. पन्नाशीतल्या माणसानं झाडाला भिऊन गाडी थांबवली, असं सांगता येत नाही.

आमच्याकडे फाल्गुन हा कुऱ्हाडींना धार लावायचा महिना. कापसाची शेवटची वेचणी झालेली असते, पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या असतात. हरभरा काढला जातो, तूर बडवली जाते. जे उभं आहे ते तोडायचं, जे तोडलं ते बडवायचं, जे उरलं ते पेटवायचं. मोहाची फुलं पडू लागतात आणि साऱ्या शिवाराला आंबूस, गोड, गरगरवणारा वास सुटतो. त्या वासात माणसं उगाच भांडतात. बैलसुद्धा एकमेकांच्या अंगावर जातात. वसंत ऋतू कोमल असतो असं मी पाचवीच्या पोरांना शिकवतो; पण तो वसंत पुस्तकवाल्यांकडचा असावा. आमच्या आदिलाबादकडचा वसंत हातात काठी घेऊन येतो.

आमच्या खानदानात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. कुणी दिलं नाही, पण दुसरं काही येत नसल्यामुळे आपोआप आलं. लग्न असो, बारसं असो, तेराव्याचं जेवण असो, पंगत उठली की कुणीतरी म्हणतं, "मधुकाका, तो विंचू होऊन जाऊ द्या." मग मी आधी नाही म्हणतो, पान खातो आणि सुरू करतो. सहा वर्षांपूर्वी शिमग्याच्या तोंडावर गावात आणि शेजारच्या गुडेमात मारामारी झाली, आणि मी शूरासारखा पळून पऱ्हाट्यांच्या ढिगात शिरलो. बाहेर कुऱ्हाडी चालल्यात आणि आत मी श्वास रोखून बसलोय. आणि नेमका त्या ढिगात एक विंचू. त्यानं मला कुठं चावावं? पोरी तोंडावर पदर घेतात, पोरं आधीच हसायला लागतात. ओरडावं तर सापडतो, न ओरडावं तर मरतो. दीड तास मी तोंडात रुमाल कोंबून, एका कुल्ल्यावर बसून काढला. नंतर दवाखान्यात सगळे जखमी पाठीवर झोपलेले, मी एकटा पालथा. डॉक्टरनं विचारलं, "यांना कुठं लागलं?"

ही गोष्ट मी पाच वर्षं सांगितली. तिच्यातला विंचू खरा आहे, ढीग खरा आहे, रुमालही खरा आहे. तिच्यात फक्त एक दगड कमी आहे.

गुडेम म्हणजे गोंडांची वस्ती. आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि मधे पळसाची पट्टी. चाळीसेक झाडं होती तेव्हा. पहाणीत, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्यात, ती पट्टी आमच्या आजोबांच्या नावावर आहे. आजोबा निजामाच्या काळात पैनगंगा उतरून इकडे आले, एक दरखास्त दिली, तहसिलीतल्या कुण्या गिरदावराला दोन कोंबडे पोचवले, आणि पट्टी कागदावर आमची झाली. गुडेमातल्या लोकांनी दरखास्त दिली नाही. आपल्या अंगणाची दरखास्त कोण देतं? त्यांच्या बायका दर फाल्गुनात तिथं फुलं वेचायला यायच्या, त्यांच्या दुराडीच्या सणाचा रंग त्याच फुलांचा व्हायचा, उरलेल्या फुलांत लुगडी पिवळी व्हायची. आमच्या आजोबांनी आणि बापानं कधी अडवलं नाही. मोठेपणा म्हणून नव्हे. तेव्हा पट्टीची गरज नव्हती, एवढंच.

गरज पडली माझ्या मोठ्या भावाला, गणपतदादाला. कापसाला रान कमी पडत होतं. त्यानं आदिलाबादहून जेसीबी आणला. इकडे उन्हाळ्यात अर्ध्या दिवसाची शाळा असते, तिला आम्ही मराठी माणसंही तेलुगूत ओंटीपूटच म्हणतो. ओंटीपूट नुकतीच सुरू झाली होती, म्हणून मी दुपारी घरी होतो. शाळा दिवसभराची असती तर, असं मी पुढं किती वेळा घोकलं! जणू सरकारी वेळापत्रकानंच माझा हात उचलला.

जेसीबी पट्टीत शिरला तेव्हा गुडेमातल्या दहा-बारा बाया तिथं होत्या. त्या उठल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, की झाडांना मिठ्याही मारल्या नाहीत. खाली वाकून पडलेली फुलं वेचत होत्या, तशाच वेचत राहिल्या. सगळ्यांत पुढं जंगूबाई. तेव्हा पन्नास-पंचावन्नची असेल. काटक, उंच, हातभर गोंदण. यंत्राचा ड्रायव्हर निर्मलकडचा होता. त्यानं चावी काढली आणि म्हणाला, "भैया, औरतें बैठी हैं. मैं नहीं चलाता."

आमचे पंधरा-वीस जण जमलेले. सगळ्यांसमोर दादाची फजिती झाली. तो जंगूबाईपुढं जाऊन उभा राहिला.

"ओ बाई, उठ इथून."

तिनं एक फूल उचललं, टोपलीत टाकलं.

"बहिरी झाली का वं? जमीन माही आहे. कागद दाखवू?"

तिनं दुसरं फूल उचललं. दादाच्या दोन पायांच्या मधे एक पडलं होतं, तेही तिनं हात घालून उचललं, आणि पुढं सरकली. दादा म्हणजे जमिनीत रोवलेला एखादा खुंट असावा, तशी. आमच्यातलं कुणीतरी फिस्कन हसलं. तो मी होतो, असं सुशीला, म्हणजे माझी बायको, आजही म्हणते. असेनही.

"पायतं काय बे सारे! कुऱ्हाड आण!" दादा गरजला आणि त्यानं लाथ मारली. टोपली उडाली. फुलं हवेत पसरली, आणि ती खाली पडायच्या आत जंगूबाईच्या दिराची, भीमू पटलाची, काठी दादाच्या खांद्यावर बसली. वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज आला. गळपट्टीचं हाड होतं ते.

त्यानंतर काय झालं ते सांगणं अवघड आहे, कारण ते झालंच नाही, फुटलं. माणसं माणसांवर कोसळली. ज्यांच्या चुलीला एकमेकांच्या रानातलं सरपण जात होतं, ती माणसं. माझा चुलतभाऊ पालथा पडला आणि उठला तेव्हा त्याचा कान गालावर लोंबत होता. गुडेमातल्या एका गड्यानं कुऱ्हाड अडवायला हात वर केला आणि त्याची दोन बोटं गेली. ती खाली फुलांत पडली. नंतर, सगळं थांबल्यावर, त्याची बायको गुडघ्यावर बसून ती बोटं शोधत होती. वाकडी, लाल फुलं, आणि त्यांत वाकडी, लाल बोटं. ती एक एक उचलून पाहायची आणि टाकून द्यायची. मी शाळेत मणी ओळखायला, बिया ओळखायला शिकवतो. ते शिकवताना आजही मधेच माझा हात थांबतो.

धूर झाला होता. कुणीतरी त्यांची कडब्याची गंजी पेटवली होती, त्यांनी आमची बैलगाडी पेटवली होती. दगड दोन्हीकडून येत होते. मी जेसीबीच्या मागं उभा होतो. ही माझी नेहमीची जागा. कुठल्याही प्रसंगात मी कशाच्या तरी मागं सापडतो. तिथून मला जंगूबाई दिसली. एवढ्या कापाकापीत ती उपडी झालेली टोपली सरळ करून फुलं पुन्हा आत भरत होती. शांतपणे. आमच्याकडे न पाहता.

माझ्या पायाशी बांधावरचा काळा दगड होता, पेरूएवढा. मी तो उचलला. नेम धरला नाही, हे खरं आहे. पण मी तिच्याच दिशेनं फेकला, हेही खरं आहे. दगड हातातून सुटला आणि त्याच क्षणी तिनं मान वर केली.

आवाज फार लहान झाला. ओल्या मातीत पाय पडावा एवढाच. तिनं टोपली सोडली नाही. दुसऱ्या हातानं डोळा झाकला आणि बोटांच्या फटींतून ते आलं. मग मी पळालो. ढीग, विंचू, रुमाल. बाकी तुम्हाला सांगितलंच आहे.

आदिलाबादच्या दवाखान्यात दोन्हीकडचे जखमी एकाच वॉर्डात समोरासमोर ठेवले होते. सलाईन लावलेल्या हातांनी माणसं एकमेकांना शिव्या देत होती. गोंडीतल्या, मराठीतल्या, आणि नर्सबाईला कळाव्यात म्हणून तेलुगूतल्या. मी पालथा झोपून ऐकत होतो. पंचनामे झाले, दोन्हीकडे केसेस झाल्या, दादा दीड महिना आत होता. मी चिवडा घेऊन त्याला भेटायला गेलो. खांदा बांधलेला, दाढी वाढलेली. त्यानं चिवड्याला हात लावला नाही.

"मधू," तो म्हणाला, "माह्या दगडानं गेला रे तिचा डोळा."

दादानं पाच-सहा दगड मारले होते. आंधळ्या रागात, धुरात. आपला कुठला कुठं गेला त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं स्वतःच हिशोब लावून टाकला होता.

आणि मी, पोरांना 'नेहमी खरे बोलावे' हे वळणदार अक्षरात लिहायला लावणारा मास्तर, काय म्हणालो? "कोनाच्या दगडानं गेला कसं सांगता येईन, दादा. तिथं सारेच मारून राह्यले होते." मग तो चिवडा मीच खाल्ला. परतीच्या बसमध्ये. भूक लागली होती. लागते.

पुढची दीड-दोन वर्षं दोन वस्त्यांनी एकमेकांचा गळा धरून काढली. आमच्या गावातली पिठाची गिरणी गुडेमाला बंद. त्यांच्या बायका डोक्यावर ज्वारी घेऊन दोन कोस दूर जायच्या. त्यांनी आमच्या गुरांची जंगलातली वाट बंद केली. वाटेत सापडलेली आमची एक म्हैस शेपटी छाटून परत आली. आमच्या पोरांनी त्यांच्या विहिरीत काय टाकलं ते मी लिहीत नाही. पट्टीतली आमच्याकडची वीसेक झाडं एका पहाटे दादाच्या मेहुण्यांनी पाडलीच. तिथं कापूस मात्र उगवला नाही. तहसीलच्या तारखा उगवल्या.

आणि मग एका शिमग्याला बाजारच्या पुडीतल्या रंगानं आमच्या आळीतल्या पोरींचे गाल सोलून निघाले. एकीच्या मानेवर पाणी भरलेले फोड आले. पुढच्या वर्षी बायका म्हणाल्या, पळसाच्या फुलांचाच रंग करू. कल्पना चांगली होती. अडचण एवढीच, की आमच्याकडचे पळस आम्हीच तोडले होते.

"मी जातो गुडेमात," सुशीला म्हणाली. आमच्याकडच्या बायका घरात असंच बोलतात. 'जाते' वगैरे शाळेत.

"जाऊ नको," मी म्हणालो.

"काऊन? विंचू चावन?"

बायकोला आपल्या गोष्टी सांगू नयेत. ती गेली, दोघीतिघींना घेऊन. परत आली तेव्हा तिच्या टोपलीत फुलं होती आणि चेहऱ्यावर रंग नव्हता. जंगूबाई पट्टीत खाट टाकून बसली होती म्हणे. डाव्या डोळ्याच्या जागी शिवलेली, खोल गेलेली चामडी. ती एवढंच बोलली, "वेचा. झाडाले हात लावू नका. पडलेलं तेवढं तुमचं." आणि उरलेल्या डोळ्यानं, फूल आणि फूल मोजल्यासारखी, तिघींकडे पाहत बसली. सुशीला म्हणाली, "मारलं असतं तं बरं झालं असतं वं माय. अशी पायत होती."

तरी दुसऱ्या वर्षी त्या पुन्हा गेल्या. तिसऱ्या वर्षी जंगूबाईनं रंग कसा काढायचा ते दाखवलं. सकाळची फुलं सावलीत वाळवायची, रात्रभर भिजत घालायची, उकळायची, तुरटी टाकायची. सुशीलानं ऐटीत घरून आमची मोठी लोखंडी कढई नेली. दादाच्या लग्नात बुंदी पाडलेली. जंगूबाई तेव्हा मोहाची फुलं वाळत घालायला गेली होती. परत येऊन पाहते तर सोन्यासारखा पिवळा व्हायचा तो रंग शेणासारखा हिरवट, काळपट झालेला. लोखंड लागलं की पळस असाच रुसतो. सुशीला रडकुंडीला आली. जंगूबाईनं काठीनं कापड वर उचललं, उजेडात धरलं आणि हसली. मारामारीनंतर पहिल्यांदा.

"ठेवा. हा तुमच्या गावचा रंग."

आजही आमच्या रंगाच्या शेडमध्ये त्या रंगाला 'गाववाला' म्हणतात. उटनूरच्या आदिवासी ऑफिसातल्या एक बाई कशासाठी तरी आल्या होत्या, त्यांनी तो मुद्दाम मागून घेतला. पट्टीच्या कडेला पत्र्याची शेड त्यांनीच करवून दिली. दोन्हीकडच्या बायकांचा एक गट झाला. पळसाचा पिवळा, हिरडा आणि लोखंडाचा काळा, बारतोंडीच्या मुळ्यांचा लाल. ओढण्या, पंचे, साड्या. बाहेरची माणसं येतात, फोटो काढतात, 'किती शांत वाटतं इथं' म्हणतात.

शांत? रंगाइतकी मारामारी मी दुसऱ्या कुठल्या कामात पाहिली नाही. कोरं कापड आधी दगडावर आपटून आपटून खळ काढावी लागते. खळ असेल तर ते रंग धरत नाही. ताठ माणसासारखं वागतं. बारतोंडीची मुळं जमिनीतून उपटून त्यांची साल मुसळानं चेचायची. मग उकळतं पाणी, वाफ, डोळ्यांत धूर. आणि शेवटी पिळणं. साडीभर लांबीचं ओलं कापड एकट्यानं पिळता येत नाही, दोघं लागतात. एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसरं, आणि विरुद्ध दिशांना पीळ द्यायचा, अगदी गळा आवळल्यासारखा. बायकांच्या मनगटांना ते झेपेना तेव्हा गडी आले. दोन बोटं गेलेला तो गडी आणि कान शिवलेला माझा चुलतभाऊ एका साडीची दोन टोकं धरून उभे राहिले. एकमेकांकडे न पाहता, दात खाऊन, घामेघूम होऊन पिळत होते. पहिल्या दिवशी त्यांनी ती साडी मधून फाडली. जंगूबाईनं फाटके तुकडे उचलले. तिनं दुसरी दिली.

मीही जायचो. सुशीला न्यायची. मला चिठ्ठ्यांवर तेलुगूत रंगांची नावं लिहायचं काम होतं. त्यात मी इतक्या चुका केल्या की मला ढवळायला बसवलं. कापड भांड्यात सतत फिरवावं लागतं. हात थांबला की डाग पडतो. आणि मी बोलायला लागलो की माझा हात थांबतो.

"मास्तर, बोलू नको. ढवळ," जंगूबाई म्हणायची.

आयुष्यभर मला कुणी गप्प करू शकलं नव्हतं. तिनं केलं. मी खाली मान घालून ढवळायचो आणि ती माझ्या उजवीकडे उभी राहायची. तिचा डावा डोळा नव्हता. तिला उजव्यानं माझ्याकडे पाहायचं तर पूर्ण वळावं लागायचं. ती वळायची. भांड्याकडे पाहायची, माझ्याकडे पाहायची, जायची. वर्षभर मी तसा उकळलो. त्या काळातही लग्नसराईत विंचवाची गोष्ट सांगत होतो, आणि ती आता जास्तच रंगत होती. का, ते मला माहीत होतं.

दादा मात्र शेडकडे फिरकला नाही. तो घरातून निघून लांबच्या वाटेनं शेतात जायचा, पट्टी दिसू नये म्हणून. बैलावर चाबूक उगारणं त्यानं सोडलं. कुणी मोठ्यानं बोललं तर उठून जायचा. एकदा नातवाला गोफण करून हवी होती. दादानं दोरी हातात घेतली आणि ठेवून दिली. त्याचं वजन निम्मं झालं, आणि मी त्याच्या समोर बसून रोज जेवत होतो.

गेल्या शिमग्याला जंगूबाईनं सुशीलाजवळ निरोप धाडला. "गणपतले म्हणा, पिळाले एक गडी कमी पडून राह्यला."

दादानं तो निरोप सुशीलाला तीनदा सांगायला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दाढी केली, पांढरा सदरा घातला. आम्ही दोघे चालत निघालो. किती वर्षांनी तो त्या वाटेनं जात होता. खाली पडलेल्या फुलांवर पाय पडू नये म्हणून उड्या मारत चालत होता. एवढा थोरला माणूस.

"पाय धरतो तिचे," तो म्हणाला. "सांगतो, बाई, माह्या हातानं झालं. मंग ती जे म्हणन ते. तू फक्त बाजूले उभा राय, मधू. मले एकट्याले बोलता येनार नाही."

बाजूला उभं राहणं. ते मला येतं.

शेडमध्ये पंधरा-वीस माणसं होती. तीन भांडी उकळत होती. पिवळी साडी नुकतीच काढली होती आणि भीमू पटलानं एक टोक हातात घेतलं होतं. जंगूबाई पुढं आली. दादा तिच्यासमोर थांबला आणि खाली वाकला.

मला वाटलं होतं, आपण हे कधी सांगितलं तर नीट सांगू. सुरुवात, मध्य, थोडं पाणी डोळ्यांत. प्रत्यक्षात माझ्या घशातून कोंबडी दाबल्यासारखा आवाज आला.

"दादा, थांब. तो दगड तुहा नोयता."

दादा वाकलेलाच राहिला. "मंग कोनाचा?"

"माहा."

मग भीमू पटला हसला. त्याला वाटलं मी गोष्ट सुरू केली. "मास्तर, विंचू कवा येते यात?" त्याच्यामागं दोघंतिघं हसले. हे मी कमावलेलं होतं. मी खरं बोललो आणि लोकांनी हसायची तयारी केली.

"विंचू नंतर चावला," मी म्हणालो. "जेसीबीच्या मागून मी दगड मारला. काळा होता. मी पायलं तिले लागताना. मंग मी पळालो."

दादा सरळ झाला. पाच वर्षं त्याच्या चेहऱ्यावर जे साचलं होतं ते मी एका क्षणात बदलताना पाहिलं, आणि जे आलं ते त्याहून वाईट होतं. तो हात उगारत नसे ना? त्यानं ती ओली, पिळाची साडी भीमूच्या हातातून हिसकली आणि माझ्या तोंडावर हाणली. मग पाठीवर. मग पुन्हा तोंडावर. ओलं पिळलेलं कापड लाकडासारखं लागतं. माझा ओठ फुटला, चष्मा भांड्यात गेला. "पाच वर्षं!" प्रत्येक फटक्याला तो ओरडत होता. "चिवडा घेऊन आलता तू! चिवडा!" मी पडलो. सुशीला पुढं आली नाही. कुणीच आलं नाही. गुडेमातली माणसं आमच्या गावच्या दोघा भावांची मारामारी पाहत उभी होती, आणि मला आठवतं, माझ्या मनात आलं, यांना आज बरं वाटत असेल.

"बस, गणपत," जंगूबाई म्हणाली. "कापड फाटन."

दादानं कापड खाली सोडलं आणि तिथंच, चुलीच्या राखेत बसला. तोंड झाकून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. जंगूबाईनं कापड उचललं. त्यावर माझ्या ओठाचं रक्त लागलं होतं. ते तिनं पाहिलं आणि बाजूला टाकलं.

"मले मालूम हाय, मास्तर," ती म्हणाली. "पयल्या दिवसापासून."

"मंग बोलली काऊन नाही?" दादानं राखेतून विचारलं.

"मी काऊन बोलू? मी मारला का?" मग ती माझ्याकडे वळली. पूर्ण वळली. "तुह्या भावाची जमीन होती, त्याले राग होता. भीमूले टोपलीचा राग होता. तुले काय होतं? काऊन मारला?"

आदिलाबाद ते निर्मल या बसप्रवासाची गोष्ट मी दीड तास सांगू शकतो. त्या वेळी माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. भीती वाटली म्हणून, असं म्हणणार होतो. ते खोटं होतं. भीती नंतर वाटली. भाऊ मार खात होता म्हणून, असंही म्हणता आलं असतं. मी दादाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. भांडी उकळत होती, कुणी ढवळत नव्हतं, आतल्या कापडांना डाग पडत असणार. जंगूबाईनं त्या दिवशी कुणालाच ढवळायला सांगितलं नाही. ती चुलीसमोरच्या दगडावर बसली.

"सांग. मी बसली हावो इथं."

मी रक्त पुसलं आणि खरं काय ते शोधलं. ते फार खोल नव्हतं. वरच होतं, आणि लहान होतं, आणि इतकं क्षुल्लक होतं की मारापेक्षा त्याचीच लाज वाटली.

"तू पायत नोयती," मी म्हणालो. "आमी एवढे जण ओरडून राह्यलो, कुऱ्हाडी, यंत्र, आग. आन् तू फुलं वेचून राह्यली. एकदाबी आमच्याकडं पायलं नाही."

जंगूबाईनं मान हलवली.

"मंग पायलं ना," ती म्हणाली.